तिसरी हाक

रिटायर होऊन नांदगाव खंडेश्वरचं दवाखान्याचं क्वार्टर सोडलं तेव्हा सामान टेम्पोत गेलं, पण माझा पाय काही गाडीत पडेना. वाटत होतं, आत्ता कोणीतरी हाक मारील. नोकरीभर तेच ऐकलं. "नर्सबाई, चाला न जी!" की मी चपला घालून बाहेर. आई चिडायची. "पह्यल्या हाकेले ओ देऊ नोको वं. माणूस असन तर तीनदा हाक मारते. दुसरं काई असन तर एकदाच." मी हसायची. बाळंतीण काय तीन हाकांची वाट पाहते?

त्या दिवशी कोणीच हाक मारली नाही. नवी नर्सबाई आली होती.

नांदगावच्या बायांनो, आणि माझ्यासारख्या लेकाकडे गेलेल्यांनो, अकोल्यात मला त्रास कशाचाच नव्हता. कूलर, लिफ्ट, सून गुणाची. फक्त मी कोणी नव्हते. बिल्डिंगमध्ये सगळ्यांसाठी 'परीची आजी'. आधी काय करत होता, हे कोणी विचारलंसुद्धा नाही.

एका दुपारी, उन्हानं बिल्डिंग निपचित पडलेली असताना जिन्यातून हाक आली. "नर्सबाई!" दार उघडलं. जिना रिकामा. लेक म्हणाला, "टीव्ही असन कोणाचा. आराम कर न, आई."

दुसऱ्या दुपारी पुन्हा. एकदाच. तोंडात आलेली ओ मी गिळली. दाराला आतून कडी घातली.

त्याच्या दुसऱ्या दिवशी परत. मनात म्हटलं, आई, झाल्या ना आता तीन? चपला घातल्या.

जिना चढून गेले, तर वरच्या मजल्यावर एक दार अर्धवट उघडं. पोटुशी पोरगी जमिनीवर डोकं धरून बसलेली, चेहरा सुजलेला. "काकू, डोयापुढं काजवे चमकून राह्यले." बीपी वाढलंय, हे लगेच ओळखलं. ऑटो, दवाखाना. माय-लेकरू दोघं वाचली.

बाळ घेऊन घरी आल्यावर तिला विचारलं, "हाक तूच मारत होती न?"

"नाई जी. माह्या तोंडातून शब्द निंगत नव्हता. आन तुमी नर्स आहा, हे मले कुठं मालूम होतं?"

आता बिल्डिंगमधल्या पोटुश्या पोरी माझ्याकडे बीपी मोजायला येतात. जिन्यातूनच ओरडतात, "नर्सबाई!" नांदगावची आठवण येते, पण क्वार्टर आता स्वप्नात येत नाही. हाक येते तिथं घर, एवढंच मला कळलं.

ती हाक मात्र पुन्हा आली नाही. दुपारी मी दार किलकिलं ठेवते, चपला उंबऱ्याशी. आली तर या वेळी पहिल्याच हाकेला ओ देणार. आई चिडली तर चिडू दे.