आतल्या खोलीतली वाट

बाजारपेठेत त्यांना सगळे चष्मेवाले म्हणत. तीस वर्षं काचा घासण्यात गेली, त्यामुळे ओरखडा हा त्यांचा जन्माचा वैरी झाला होता. गिऱ्हाइकानं चष्मा काचेच्या बाजूनं टेबलावर ठेवला की यांच्या अंगावर काटा यायचा. हे दुखणं ते दुकानातून घरीही घेऊन येत. घर दुसऱ्या मजल्यावर, तीन खोल्यांचं, आणि खाली जुन्या लाकडी पट्ट्यांची जमीन. ते घर घेतलं तेच मुळी त्या जमिनीपायी. खुर्च्यांच्या पायांना त्यांनी स्वतः बसून जाड कापडाचे गोल तुकडे चिकटवले होते. दारात पाहुणा दिसला की यांची नजर आधी त्याच्या बुटांवर. बायको म्हणायची, "अहो, माणूस आलाय. त्याच्या तोंडाकडंही बघा कधीतरी."

एवढं जपूनही जमीन काळवंडली. पॉलिशवाला आला. साठीच्या घरातला, गुडघ्यांना कातडी गाद्या बांधलेला. त्यानं बाहेरच्या खोलीत उकिडवं बसून लाकडावर पाण्याचे चार थेंब टाकले आणि बघत राहिला.

"मुरतंय पाणी. वरचा थर संपलाय, साहेब. सगळं घासून काढायला लागेल. घर रिकामं करून द्या. रिकामं म्हणजे रिकामं, पडदेसुद्धा नकोत. आणि पाच दिवस तुम्ही दोघं इथं नाही."

आठवडाभर नवरा-बायको घर उपसत होते. पुस्तकं खोक्यांत, भांडी न्हाणीघरात, गाद्या शेजाऱ्यांच्या पॅसेजमध्ये. मोठं कपाट दारातून निघेना, तेव्हा ते खोलून त्याच्या फळ्या बाहेर काढल्या. "लग्नानंतर पहिल्यांदाच आपण दोघांनी मिळून काहीतरी उचललंय," बायको म्हणाली, आणि दोघंही हसले. स्वयंपाकघराच्या दाराला धूळ जाऊ नये म्हणून प्लास्टिक लावताना तिनं विचारलं, "पाच दिवस ताईंकडं जायचं ना?"

"एखादा लॉज बघू. तिला उगीच त्रास."

ती चिकटपट्टी हातात धरून थांबली. "आई आहेत तिथं. गावात असून लॉजवर राहिलो, हे त्यांना कळलं तर काय वाटेल?"

चष्मेवाल्यांनी ताईला फोन लावला.

ताई म्हणजे चष्मेवाल्यांची बहीण, आणि आईही त्यांचीच. वडील गेल्यावर ती यांच्याकडे आली आणि चौदा महिने आतल्या खोलीत राहिली. गुडघ्यांनी दगा दिलेला, त्यामुळे चार पायांचा वॉकर घेऊन चालायची. वॉकरच्या पायांना रबरी टोप्या होत्या. एक टोपी झिजली, आतला लोखंडी पाय उघडा पडला, आणि कुणाच्या लक्षात येईपर्यंत बाहेरच्या खोलीत हातभर लांबीचे तीन ओरखडे उठले. चष्मेवाले त्या दिवशी दुकानातून आले, ओरखडे पाहिले आणि आईवर ओरडले. शेजारचे पाहुणे चहा पीत बसले होते, त्यांच्यादेखत. "तुझ्या खोलीत चाल ना हवं तेवढं! बाहेर कशाला यायचं?"

टोपी दुसऱ्या दिवशी बदलली. पण आई पुन्हा बाहेरच्या खोलीत आली नाही. न्हाणीघर आतल्या खोलीला लागूनच होतं, जेवणाचं ताटही आत जाऊ लागलं. कुणी विचारलं तर चष्मेवाले सांगत, "लाकडावर पाय घसरेल, भीती वाटते. आणि तिला स्वतःलाच एकांत आवडतो." ताईलाही त्यांनी हेच सांगितलं होतं. पुढं आई चार दिवस म्हणून ताईकडे गेली, त्याला आता दोन वर्षं झाली होती.

ताईच्या घरात सिमेंटची साधी जमीन. दोघं बॅगा घेऊन पोचले तेव्हा आतून ठक-ठक असा आवाज येत होता. आई स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून समोरच्या बाईशी गप्पा मारून परत, अशी वॉकर आपटत घरभर हिंडत होती. मध्येच थांबून ताईच्या डाळीत मीठ कमी असल्याचं सांगत होती. चष्मेवाले बघतच राहिले. त्यांच्या घरात हा आवाज त्यांनी ऐकलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पॉलिशवाल्याचा दुकानात फोन आला. "जरा येऊन जा. आतल्या खोलीत हात घालण्याआधी तुम्हाला दाखवायचंय."

घरभर पिठासारखा भुसा पसरला होता. बाहेरची खोली घासून झाली होती, लाकूड कोवळं, फिकट दिसत होतं. ते तीन ओरखडे गायब होते. चष्मेवाल्यांना क्षणभर बरं वाटलं. मग पॉलिशवाल्यानं त्यांना आतल्या खोलीत नेलं. आई ताईकडे गेल्यावर अंथरलेला तिथला मोठा गालिचा त्यानंच उचलला होता आणि त्याखाली, पलंगाच्या जागेपासून दारापर्यंत, एक पट्टा दिसत होता. तेवढ्या भागातलं पॉलिश पार उडून लाकूड राखाडी पडलं होतं. जाण्याची एक वाट, येण्याची एक.

"मी तीस-पस्तीस वर्षं जमिनी घासतोय," पॉलिशवाला म्हणाला. "माणसं कुठं चालतात ते कळतं. इथं कुणीतरी रोज, दिवसातून कितीतरी वेळा, दारापर्यंत यायचं आणि वळायचं. आणि हे बघा." त्यानं उंबऱ्याच्या अलीकडं बोट ठेवलं. तिथं हातभर जागा सगळ्यात जास्त झिजली होती, चार बाजूंना चार खळगे. "इथं उभं राहायचं बराच वेळ. आणि उंबऱ्यापलीकडं, बाहेरची खोली घासताना, असली एक खूण दिसली नव्हती. कोण राहायचं इथं?"

"एक भाडेकरू होता," चष्मेवाले म्हणाले.

शब्द तोंडातून निघून गेला. परत घ्यायचा असता तर तेव्हाच घेता आला असता. पॉलिशवाला फक्त "बिचारा" एवढंच म्हणाला आणि खोल खड्ड्यांसाठी घासायला जाड पॉलिश पेपर लावायला लागेल, असं सांगून यंत्राकडे वळला.

ते दुकानात गेले नाहीत. बाजाराला दोन वळसे घालून ताईकडे आले. आई गॅलरीत बसली होती. त्यांना पाहताच तिनं विचारलं, "आज लवकर? कशी होतेय रे जमीन? ते माझे ओरखडे निघाले का?"

"निघाले," ते म्हणाले.

"बरं झालं बाई. माझ्या जिवाला फार लागून राहिलं होतं ते."

चष्मेवाल्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. हात धुतो म्हणून ते मोरीत गेले आणि नळ सोडून तसेच उभे राहिले. बायको पाठोपाठ आली. तिला त्यांनी वाटेबद्दल सांगितलं, भाडेकरूबद्दलही.

तिनं वाहता नळ बंद केला. मग हळू आवाजात म्हणाली, "उंबऱ्याशी येऊन उभ्या राहायच्या, मी बघायचे. बाहेर या म्हणावं असं वाटायचं. पण तुम्ही पुन्हा ओरडाल म्हणून मीसुद्धा ताटच आत नेत राहिले. तुमचं एकट्याचं नाही हे."

सकाळी ते आधी घरी गेले. पॉलिशवाला यंत्राची पिशवी झटकत होता. चष्मेवाल्यांनी चपला दाराबाहेर काढल्या. सवयच ती. "काल मी खोटं बोललो. भाडेकरू वगैरे कुणी नव्हता. ती माझी आई होती. मीच तिला बाहेर यायला बंदी केली होती."

पॉलिशवाल्यानं नाकावरचं फडकं खाली ओढलं. "गेल्या का त्या?"

"नाही, नाही. बहिणीकडं असते. चांगली आहे."

"मग मला कशाला सांगताय?" त्यानं फडकं पुन्हा वर चढवलं. "त्यांना सांगा."

दुपारी ताई आणि आई भाजी निवडत बसल्या होत्या. चष्मेवाले समोर बसले आणि एका दमात सगळं बोलून टाकलं: पाहुण्यांसमोर ओरडलो, मग लोकांना एकांताचं खोटं कारण सांगितलं, आणि काल एका परक्या माणसासमोर आईला भाडेकरू करून टाकलं. बोलताना त्यांची मान वर होत नव्हती.

ताईचा हात थांबला. "म्हणजे आईला एकांत हवा होता, हे खोटं? आणि मी दोन वर्षं हिलाच बोल लावतेय, भावाकडं नीट राहता आलं नाही म्हणून?" तिनं भाजीची परात बाजूला सारली आणि आत निघून गेली.

आई मात्र शेंगांच्या शिरा काढत राहिली. "मी टीव्ही ऐकायला यायचे रे दारापर्यंत," ती म्हणाली. "म्हणजे दिसायचं नाही काही. पण तुम्ही दोघं हसलात की मला कळायचं, काहीतरी गमतीचं चाललंय."

"मग हाक का नाही मारलीस?"

"तू दमून यायचास. पुन्हा कशाला वाद?" एक शेंग मोडत ती म्हणाली, "राग होताच मला. नव्हता असं नाही."

"घरी चल, आई. आता कुठंही चाल."

"नको. इथं माझं बस्तान बसलंय. समोरची बाई आहे, गॅलरी आहे." तिनं निवडलेली मूठ टोपलीत टाकली. "भेटायला येईन की. पाहुणीसारखी."

पाहुणीसारखी, हा शब्द तिनं सहज वापरला होता. त्यांना तो रात्रीपर्यंत टोचत राहिला.

पाचव्या दिवशी पॉलिशचा शेवटचा हात झाला. वासानं डोळे चुरचुरत होते, पण जमीन अशी चकचकीत झाली होती की खिडकी खाली उतरून आल्यासारखी वाटावी. बघायला येणारे वाहवा करत, तेव्हा चष्मेवाले विषय बदलत. सामान हळूहळू परत लागलं. गालिचा त्यांनी आतल्या खोलीत पुन्हा टाकला नाही. झिजलेली जागा घासून गेली होती, तरी उंबऱ्याशी आलं की त्यांचा पाय अडखळायचा.

महिन्याभरानं आई आली. दोन जिने चढायला तिला अर्धा तास लागला. मधल्या वळणावर खुर्ची ठेवली होती. बाहेरच्या खोलीत शिरताना तिनं वॉकर उचलला आणि इतका अलगद टेकवला, की आवाजच झाला नाही. पुन्हा उचलला, पुन्हा तसाच टेकवला. ताईकडे घरभर ठक-ठक करणारी बाई इथं श्वास रोखून चालत होती.

"आपट गं, आई. आपटून चाल," चष्मेवाले म्हणाले.

"हो हो," ती म्हणाली, आणि पुढचं पाऊलही तिनं तसंच टाकलं.

ताई अजून त्यांच्याशी कामापुरतंच बोलते. दुकान बंद असतं त्या दिवशी चष्मेवाले तिच्याकडे जातात, आईच्या पायांना तेल लावतात, समोरच्या बाईच्या तक्रारी ऐकून घेतात. संध्याकाळ झाली की आईच म्हणते, "जा आता, बायको वाट बघत असेल." मग ते आणखी थोडा वेळ बसतात.