कागदाएवढी फट

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं विचारलं तर आईवडिलांच्या जोडीनं मी विश्रामबागेतल्या माझ्या घरमालक काकांचं नाव घेतो. जगातला कुठलाही बिघाड दोन दातेरी चाकांमधल्या अंतरातून होतो, असं मनापासून मानणारा दुसरा माणूस मी पाहिलेला नाही. जतकडच्या मेंढपाळाच्या घरातून मी इंजिनिअरिंग शिकायला सांगलीत आलो, तेव्हा त्यांनी वरची खोली दिली आणि पहिल्याच संध्याकाळी हातात कानस दिली.

काका रेल्वेतून फिटर म्हणून निवृत्त झालेले. घरी ते हातभर लांबीचं आगगाडीचं इंजिन बनवत होते. पोटात विजेची मोटर, बाकी सगळं हातानं केलेलं. गिअरबॉक्समधलं पितळी चाक तर एकेक दात घासून सहा महिन्यांत पुरं केलं होतं. इंजिन रुळावर सरळ धावायचं आणि सोफ्याजवळच्या वळणावर कट्ट करून थांबायचं. मग काका चाकाच्या प्रत्येक दातावर शाईचा ठिपका देत आणि बोटानं फिरवत बसत. एका फेऱ्यात एकदाच अडलं तर तो दात वाकडा. सारखंच अडलं तर चाक मोटरवरच्या दातेरी चाकाला फार जवळ बसलंय. "यंत्राला आधी हातानं फिरवावं गड्या. वीज मागनं," असं ते म्हणत. कान मात्र कुठंही लावत. स्क्रूड्रायव्हरचं टोक काकूंच्या मिक्सरवर आणि मूठ कानाला. माझ्या परीक्षेच्या सकाळी टोक माझ्या छातीवर टेकवून म्हणाले, "बेअरिंग ठणठणीत हाय. जा."

चाक बसवताना दोन्ही चाकांच्या मध्ये कागदाची पट्टी ठेवायची, स्क्रू आवळायचा आणि पट्टी ओढून काढायची, म्हणजे हवी तेवढी फट राहते. वर्तमानपत्र त्यांना जाड वाटे, पंचांगाचं पान फाटे. सुट्टीत गावाकडून मी पातळ पॅडवर पत्रं लिहिली आणि त्यांचा शोध संपला. परत आल्यावर म्हणाले, "अक्षर बरं हाय तुझं, पर कागद एक नंबर." माझी सगळी पत्रं त्यांनी खालच्या बाजूनं कातरली होती. शेजारच्या लग्नात तर नवरा-नवरीला आशीर्वाद देताना ते म्हणाले, दोघांत कागदाएवढी फट ठेवा, लय चालतंय. नवरीच्या मामांना ते अजिबात आवडलं नाही.

शेवटच्या वर्षी एका सकाळी काकांनी चाक बसवलं आणि ते बाजारात गेले. मला ते जरा ढिलं वाटलं. मी कागद न घालता स्क्रू आवळला, हातानं न फिरवताच वीज जोडली. करकर झाली आणि पितळेचा भुगा पडला. मी झाकण लावून टाकलं.

संध्याकाळी काकांनी ते उघडलं. भुगा बोटावर घेऊन पाहिला. मी चहाचा कप घेऊन शेजारीच उभा होतो. ते म्हणाले, "कागद मीच घातला व्हता. हात हालला आसंल." खोली जाईल, या भीतीनं मी गप्प राहिलो. इंजिन बिस्किटाच्या डब्यात गेलं. पुन्हा त्यांनी ते काढलं नाही. कुणी विचारलं तर म्हणत, फिटरचा हात गेला की समदं गेलं.

मी घरातला पहिला पदवीधर झालो, कराडला नोकरीला लागलो. परवा काकूंचा फोन आला. काकांचे हात आता खरोखरच थरथरतात, पेला दोन्ही हातांनी धरावा लागतो. मी पॅड काढलं.

तीर्थस्वरूप काकांस शिरसाष्टांग नमस्कार.

तुमचं चाक मी मोडलं. त्या दिवशी तुम्ही बाजारात गेल्यावर मी कागदाशिवाय स्क्रू आवळला. तुम्ही ठेवलेली फट बरोबर होती. तुमचा हात हलला नव्हता. हे सांगायला मला सात वर्षं लागली.

नवं चाक घासतो आहे. दोन वाया गेली, तिसऱ्याचे अकरा दात झाले आहेत. पुरं झालं की घेऊन येतो. स्क्रू मी आवळीन, कान तुम्ही लावा.

कागद तोच आहे. खाली चार बोटं कोरा सोडला आहे.