नसीमबानूंची लँडमास्टर

मंडईत नसीमबानू बागवान यांच्या गाळ्यावर जायचं, तर हात खिशात ठेवून जावं. एकदा मी हापूस दाबून बघितला, तेव्हा बाई म्हणाल्या, "अहो आगाशे, आंबा आहे तो, दाराची बेल नाही." मला फार राग आला होता. तरी फळं अजून तिथूनच घेतो, कारण त्यांनी हातात दिलेलं फळ कधी नासकं निघालेलं नाही.

सत्त्याण्णव सालच्या उन्हाळ्यात या बाईंनी जाहीर केलं, की त्या जुनी मोटार घेणार आहेत. जुनी म्हणजे छप्पन्न सालची लँडमास्टर, आणि कित्येक वर्षं बंद. गाडी विश्रांतवाडीच्या सर्जेराव टिंगऱ्यांची. नसीमबानू लहान असताना सर्जेराव याच गाडीतून पेरूच्या पाट्या घेऊन त्यांच्या वडिलांच्या गाळ्यावर यायचे. मागची सीट काढून तिथे फळी ठोकलेली असायची आणि सगळी मंडई हसायची. आता टिंगऱ्यांच्या रानात इमारती उठत होत्या. पुतण्या संपत गोठा पाडणार होता आणि गोठ्यातली गाडी भंगारात जाणार होती.

"दुरुस्त करून विकणार?" मी विचारलं.

"दुरुस्त करून चालवणार. माल आणणार तिच्यातून."

पन्नाशीची बाई, आणि हा थाट! पण नवरा गेल्यापासून घरचा टेम्पो त्या स्वतःच खोलत नि जोडत आल्या होत्या, त्यामुळे हसायची सोय नव्हती. जुन्या मोटारींचा नाद मलाही आहे, पण तो कॅलेंडरावरची चित्रं बघण्यापुरता. मी सोबत निघालो. टेम्पो चालवायला माणूस घेतला होता, आणि मागे जुन्या बाजारातून आणलेली, हवा भरलेली चार चाकं होती.

"सौदा व्हायचाय अजून," मी म्हणालो.

"होईल."

गोठ्यात लँडमास्टर रिमांवर बसली होती. आतल्या फळीवर कोंबडी अंडी उबवत होती. भंगारवाला आमच्या आधीच येऊन बसला होता, त्याने आकडाही बोलून टाकला होता आणि संपतला तो पसंत होता. ऐंशी ओलांडलेले सर्जेराव बाजेवर बसून नुसते जमिनीकडे बघत होते.

नसीमबानूंनी कुणाकडे लक्षच दिलं नाही. कलिंगडावर मारतात तशा टिचक्या मारत त्या गाडीभोवती फिरल्या. "इथे पत्रा आहे. इथे नुसतं पुटीण." बॉनेट उघडून म्हणाल्या, "वायरिंग उंदरांनी खाल्लं. खाऊ दे." मग दार ओढून रुबाबात ड्रायव्हरच्या जागी बसल्या, आणि खालचा पत्रा मोडून त्यांचा पाय थेट शेणात गेला. मी तोंड फिरवून हसून घेतलं.

"तळ नवा लागेल," त्या आतूनच म्हणाल्या.

संपतला घाई होती. "आकडा बोला की, काकी. यांचा भारी हाय."

"मी मालकाशी बोलेन."

तेव्हा सर्जेराव उठले. खांद्यावरचा रुमाल काढून त्यांनी दोन्ही हातांवर पसरला. पूर्वी मंडईत भाव तोंडाने बोलत नसत. रुमालाखाली एकमेकांची बोटं धरून आकडा ठरायचा आणि भोवतालच्यांनी नुसते अंदाज करायचे. नसीमबानूंनी रुमालाखाली हात घातला. बराच वेळ दोघं तशीच उभी राहिली. एवढी घासाघीस काय चालली आहे, ते मला कळेना.

"झाला सौदा," सर्जेराव म्हणाले.

"कितीला?" संपत ओरडला.

"रुमालाखालचा भाव इचारायचा नसतो."

संपत चरफडला. भंगारवाला मात्र मुकाट्याने उठला, कारण हा नियम त्यालाही ठाऊक होता. चाकं बसवली, कोंबडीला अंड्यांसकट पाटीत हलवलं आणि टेम्पोला दोराने बांधून, टोचन करून गाडी बाहेर काढली. नसीमबानू स्टिअरिंगवर, शेजारी मी.

"ब्रेक?" मी विचारलं.

"टेम्पोवाल्याला हळू जायला सांगितलंय."

येरवड्यापर्यंत मी कसाबसा गप्प बसलो. मग विचारलंच, "अहो, कितीला बसली?"

त्यांनी पदराने डोळे पुसले. या बाईंना मी कधी रडताना बघितलं नव्हतं. "आकडा झालाच नाही, आगाशे. मी बोटं धरायला गेले, तर काकांनी माझा हातच घट्ट धरला. सोडेचनात. गाडी ने म्हणून पुतण्यासमोर विनवणी कशी करणार? म्हणून रुमाल काढला त्यांनी."

काही तरी बोलायचं म्हणून मी म्हणालो, "मग पैसे?"

"भंगारवाल्यापेक्षा जास्त देणार. त्याची काळजी नाही." दोराला झटका बसला, गाडी वाकडी झाली, आणि त्यांनी ती एका हाताने सरळ केली. "इंजिन उद्याच उतरवते. काकांना बसवून मंडईत न्यायचंय, आणि ते काही माझ्यासाठी थांबणार नाहीत."