तीन सुळ्यांचं सोंग

राक्षसांवर माझा विश्वास कसा असेल? मीच ते तयार करतो! मुंबईच्या एका मासिकात मी भयकथा लिहितो... कुठल्या राक्षसाला किती डोळे द्यायचे हे सकाळी चहा पिताना ठरवणारा माणूस मी. तेव्हा पुढचं वाचून 'मास्तरांचं डोकं फिरलं' असं म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा. माझंही मत त्याहून फार वेगळं नाही.

मी जव्हार संस्थानात शाळामास्तर. गेल्या हिवाळ्यात एक कथा लिहून काढली होती — डोंगरातला राक्षस येतो आणि गावच्या मास्तराची लेक उचलून नेतो. राक्षस अगदी माझ्या डोक्यातला: तीन सुळे, उजवा कान अर्धा तुटलेला, कपाळावर पांढऱ्या पंजाचा ठसा. मी स्वतःवर बेहद्द खूश. कथा कुणालाच वाचून दाखवली नव्हती, घरातसुद्धा नाही. संपादकांकडे धाडणार, तोच आमची कुसुम आजारी पडली.

सहा वर्षांची पोर. ताप काही केल्या उतरेना. डॉक्टर यायचे, नाडी बघायचे आणि माझी नजर टाळायचे. काय समजायचं ते मी समजलो. एका दुपारी तिचे हातपाय गार पडायला लागले. मी उशाशी बसून राहिलो. दुसरं काय करणार होतो! संध्याकाळी तिने डोळे उघडून पाणी मागितलं आणि तिथून ती सुधारत गेली.

ती हिंडूफिरू लागल्यावर आमच्या मंडळींनी, कुसुमच्या आईने, हळूच सांगितलं, नवस बोललेय. शेजारच्या जानकीबाईंचं माहेर मोखाड्याचं, त्यांनी सुचवलेलं. पोर वाचली तर तिचा बाप बोहाड्यात सोंग नाचवील! बोहाडा म्हणजे तिकडचा मुखवट्यांचा उत्सव. देव-राक्षसांची सोंगं गावातून नाचत जातात. मी जाम भडकलो. नाचणार मी, आणि मला विचारायची पद्धतच नाही? पण अंगणात कुसुम सागरगोटे खेळत होती... गेलो मुकाट्याने मोखाड्याला, सगळ्यांना घेऊन.

मुखवटे जानकीबाईंच्या म्हाताऱ्या चुलत्यांच्या माळ्यावर, फडक्यांत गुंडाळलेले. त्यांचा रिवाज असा — नवसाच्या माणसाने आधी सोंग कोणतं ते बोलायचं, मग ते खाली उतरवायचं. एकदा बोललं की बदलायचं नाही. जानकीबाईंनी वाटेत मला एका साध्याशा सोंगाचं नाव पढवून ठेवलं होतं. पण माझ्या अंगात मस्ती ना! म्हाताऱ्याची थोडी फिरकी घ्यावी म्हणून मी माझाच राक्षस सांगितला. तीन सुळे, तुटका कान, कपाळावर पंजा... आता शोधा म्हटलं.

म्हातारा हसला नाही.

"तुला कोनी सांगला?"

कुणी नाही, मनातलंच आहे, असं मी म्हणालो.

"त्याला कोनी काढीत नाय आता. ज्या घराचा होता, ता घर संपला."

एवढं बोलून तो माळ्यावर चढला आणि धुराने काळं पडलेलं एक गाठोडं घेऊन उतरला. सोडलं. सागाचा मुखवटा. तीन सुळे. उजवा कान अर्धा, आणि तुटलेला भागही धुराने काळा झालेला, म्हणजे कधीचा तुटला असेल कोण जाणे. कपाळावर चुन्याचा पंजा.

दुसरं सोंग द्या म्हणालो, अक्षरशः हात जोडले. म्हाताऱ्याने मान हलवली. बोललेलं सोंग नाचवलं नाही तर नवस तसाच राहतो म्हणे, आणि नवस राहिला तर... पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. पोरीच्या जिवाशी खेळ कोण करणार? घेतला मुखवटा आणि चढवला.

मुखवटा चढला की तोंडातून शब्द काढायचा नाही, अशी ताकीद होती. उन्हं कलली होती. संबळ वाजायला लागला, मी पाय हलवू लागलो. समोरची पोरं किंचाळून आयांच्या पदराआड शिरत होती. आणि आमची कुसुम, झुरळाला भिणारी पोर, आईचा हात सोडून सरळ माझ्यापुढे येऊन उभी राहिली. मूठ उघडली.

"तू मला सोडलंस ना, म्हणून गूळ आणलाय."

आत मी होतो. पण ती माझ्याशी बोलत नव्हती. तिने तो खडा सुळ्यांमध्ये ठेवला आणि परत गेली.

घरी येताना बैलगाडीत मी तिला विचारलं, कुणी गं सोडलं तुला? ती सहज म्हणाली, त्यानेच की. त्या दुपारी तो दारात उभा होता, तिला न्यायला आला होता. मग नेलं का नाही, मी विचारलं.

"असं काय अप्पा! तुम्हीच तर त्याला म्हणत होता, हिला नेऊ नकोस, मला ने. केवढ्यांदा ओरडत होता तुम्ही..."

मी म्हणत होतो. अगदी हेच म्हणत होतो. पण मनात! तिच्या आईला विचारलं, ती सबंध दुपार त्याच खोलीत होती. ती म्हणाली, तुम्ही तोंडातून अवाक्षर काढलं नाहीत.

मग कुसुमने ऐकलं ते काय? आणि त्याने ऐकलं, असं मी कोणत्या तोंडाने म्हणू? ऐकलं असेल, तर 'मला ने' हेही त्याने ऐकलंय. ती कथा देणार नाही असं संपादकांना कळवलंय. ते कारण विचारतात. आणि अलीकडे मी दाराकडे पाठ करून लिहायला बसत नाही.