सुई कमी घासली गेली

नेव्हिल ट्रॉमन्सच्या घरात शिट्टीची किटली नाही. एके काळी होती. पाणी तापायला लागलं की ती आधी बारीक कण्हायची, मग तिचा आवाज चढत जायचा, आणि तो चढायला लागला की नेव्ह टेबलावरून उठून अंगणात निघून जायचा. त्याच्या बायकोने, पॉलीनने, काही दिवस हे बघितलं आणि एका शनिवारी किटली उचलून चर्चच्या जुन्या सामानाच्या विक्रीत देऊन टाकली. इंग्लंडातल्या आमच्या क्रॅडली हीथमध्ये नवराबायको एकमेकांशी फार बोलत नाहीत. वस्तू हलवतात.

किटलीचा तो चढता सूर हुबेहूब ब्लोअरचा होता. नेव्हच्या धाकट्या भावाने, ग्लेनने, आपल्या लाल मिनी गाडीला तो बसवला होता. मिनी ती केवढीशी, चार माणसं बसली की काचांवर वाफ धरायची. पण साधी गाडी चालवणं ग्लेनला अळणी जेवणासारखं वाटायचं. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून आत हवा कोंबणारा तो पंप, म्हणजे सुपरचार्जर, त्याने भंगारातल्या कुठल्याशा मोठ्या गाडीतून काढून आणला, बॉनेट कापून बसवला, आणि मग ती टीचभर गाडी चढावर भल्याभल्यांना मागे टाकताना असा काही सूर लावायची की लोक दुकानातून बाहेर येऊन बघायचे. गाडीत बसण्याआधी ग्लेन टपावर दोनदा टकटक करायचा. का, ते त्यालाच ठाऊक.

हवा जास्त कोंबायची तर पेट्रोलही जास्त द्यावं लागतं. कार्ब्युरेटरमध्ये एक निमुळती सुई असते. ती घासून बारीक केली की तिच्या भोवतीची फट वाढते आणि पेट्रोल जास्त जातं. हे काम नेव्हचं. सुई ड्रिलमध्ये फिरत ठेवायची, पॉलिश पेपर चिमटीत धरायचा आणि अंदाजाने घासायची. ग्लेन दुसऱ्या कोणाला त्या सुईला हात लावू द्यायचा नाही. सुई कमी घासली गेली तर पेट्रोल कमी पडतं, आतली आग इतकी तापते की पिस्टनला भोक पडतं, इंजिन जागच्या जागी आवळतं, त्याबरोबर पुढची चाकं आवळतात, आणि पुढे कुठे जायचं ते गाडीच ठरवते.

अशा चुकीची आमच्याकडे लाजही वाटते आणि ती मिरवतातही. मिनीवाल्यांच्या क्लबात ज्याने पिस्टनला भोक पाडलं त्याने सगळ्यांना बिअर पाजायची, आणि तोच पिस्टन उलटा करून सगळ्यांनी त्याला ॲशट्रे म्हणून बहाल करायचा. राख भोकातून टेबलावर सांडते. शिक्षा ती हीच. नेव्हकडे अशी एक ॲशट्रे होती, तरुणपणीच्या घाईची कमाई. शेडच्या खिडकीत, खाली रंगाच्या डब्याचं झाकण ठेवून, ती वर्षानुवर्षं बसून होती.

सत्त्याण्णव साली मार्च महिन्यात नेव्हने सुई घासून दिली, आणि त्याच आठवड्यात भर दुपारी, क्लेंटची टेकडी उतरताना, ग्लेनची मिनी वळणावर न वळता सरळ गेली आणि दगडी भिंतीवर आपटली. ग्लेन जागीच गेला. रस्ता कोरडा होता. तपासणाऱ्याने ब्रेक पाहिले, टायर पाहिले, स्टिअरिंग पाहिलं, सगळं ठीक होतं. अपघात अशी नोंद झाली. इंजिन अडकलेलं होतं, पण ते आपटण्याआधी अडकलं की आपटल्यामुळे, हे उघडल्याशिवाय कळणार नव्हतं, आणि उघडायला कोणी सांगितलं नाही. नेव्हने गाडी ओढत आणली, कौन्सिलच्या भाड्याच्या गॅरेजात ताडपत्रीखाली ठेवली आणि कुलूप घातलं. त्या दिवसापासून तो आवाज त्याच्या मागे लागला. शेजारणीचा व्हॅक्यूम, दातांच्या डॉक्टरचं ड्रिल, तारांमधला वारा, सगळ्यांतून तो एकच गोष्ट विचारायचा. सुई पुरेशी घासली होतीस का रे?

मग वीसेक वर्षांनी कौन्सिलने ती गॅरेजांची ओळ पाडायची ठरवली, आणि ग्लेनची मुलगी बेथ दारात उभी राहिली. बाप गेला तेव्हा ती नऊ वर्षांची होती. आता ब्रेडची व्हॅन चालवते, मोठ्याने हसते, आणि एकदा मनात घेतलं की बैलासारखी अडते.

"नेव्हकाका, गाडी भंगारात नाही द्यायची. आपण उभी करायची."

"त्या गाडीत पत्र्यापेक्षा गंज जास्त आहे, पोरी."

"मग गंज उभा करू. आणि ब्लोअरसकट हं. डॅडची गाडी होती ती, चर्चला जाणाऱ्या म्हातारीची नव्हे."

पॉलीनने चहाचा कप नेव्हपुढे सरकवला आणि म्हणाली, "शेडमधली माझी सायकल मी बाहेर काढते. जागा लागेल तुम्हाला." झालं, ठरलं.

वर्षभर रविवार त्यातच गेले. दोघांनी गाडी उघडी केली. दारांखालचा पत्रा बोट लावलं की बिस्किटासारखा तुटायचा.

"हा पत्रा आहे की चाळण?" बेथ म्हणाली.

"तुझ्या बापाने हिवाळाभर बर्फ वितळवायला मीठ टाकलेल्या रस्त्यांवर फिरवली आणि एकदा धुतली नाही. धुवायचा तो फक्त स्वतःचे केस."

नवा पत्रा कापून, वाकवून, जोडून नेव्हने खालची बाजू पुरती नवी केली. चेपलेलं नाक कापून दुसरं लावलं. पुढचे ब्रेक मोठे बसवायचे हे त्याने निक्षून सांगितलं, आणि बेथने पहिल्यांदाच वाद घातला नाही. ब्लोअर सोडवून, बेअरिंग बदलून तिने इतका घासला की पॉलीन म्हणाली, यात आता तोंड बघून केस विंचरावेत. एका दुपारी नेव्ह एकटाच वेल्डिंग करत असताना टपावर टकटक झाली, दोनदा. त्याने मुखवटा वर केला. शेडमध्ये कोणी नव्हतं. त्याने मुखवटा पुन्हा खाली घेतला, पण जोड वाकडा गेला आणि तो त्याला दुसऱ्या दिवशी कापून परत करावा लागला.

इंजिन मात्र तसंच राहिलं. बाहेर काढून बाकावर ठेवलं होतं, आत डिझेल ओतून भिजत घातलं होतं. 'अजून भिजू दे' असं नेव्ह दर रविवारी म्हणायचा. शेवटी बेथच एकदा हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाली, "काका, तुम्ही का घाबरता ते मला माहीत आहे. काकू बोलली. तुम्हाला वाटतं तुमची सुई चुकली."

नेव्हने सिगारेट पेटवली.

"मला काय वाटतं सांगू?" ती म्हणाली. "मला वाटतं, चुकलेलीच असू दे. रागावू नका. मॉम घर सोडून गेली होती, डॅडची नोकरी गेली होती. तो प्रत्येक वेळी मला बरोबर न्यायचा, प्रत्येक वेळी. त्या दुपारी मी कोट घालून दारात उभी राहिले, तर म्हणाला, 'आज नको.' घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि गेला. माझ्या कानात ते अजून आहे. आज नको. का नको, काका?"

ही एवढीशी असल्यापासून हे पोटात घेऊन हसत फिरत होती, आणि नेव्ह आपला स्वतःच्याच सुईला कवटाळून बसला होता. त्याला स्वतःची मनापासून लाज वाटली. पिस्टनला भोक निघालं तर ग्लेनला त्याने मारलं होतं. नाही निघालं तर त्या 'आज नको'शिवाय या पोरीला बाकी काय राहत होतं?

"पुढच्या रविवारी उघडू," तो म्हणाला. "जेवण झाल्यावर, दोघांनी मिळून."

पण पुढच्या रविवारी सकाळी पॉलीन ओव्हनमध्ये मांस ठेवून चर्चला गेली, आणि नेव्हला शब्द पाळवेना. बेथच्या तोंडाकडे बघत इंजिनाचं ते झाकण उचलणं त्याच्याने होणार नव्हतं. त्याने शेडचं दार ओढून घेतलं, एकेक नट सैल केला, झाकण उचललं आणि डोळे मिटले. मग उघडले.

चारही पिस्टन धडधाकट होते.

त्याने ते बाहेर काढले, खाली पसरलेल्या वर्तमानपत्रावर ओळीने मांडले, बोटाने चाचपले. तडा नाही, वितळल्याची खूण नाही. वर सारख्या रंगाची काजळी होती, पेट्रोल पुरेसं मिळालेल्या इंजिनाची असते तशी. सुई बरोबर घासली होती. इतकी वर्षं जे ऐकायला तो तरसत होता ते हेच होतं. तो उलट्या बादलीवर बसला. कोल्हा आडवा आला असेल, त्याने स्वतःला सांगितलं. नजर चुकली असेल. पिस्टन काय, ते फक्त काय झालं नाही एवढंच सांगत होते. पण बेथला कोल्हा पटणार नव्हता. त्यालाही पटत नव्हता. 'आज नको' म्हणताना ग्लेनचा चेहरा कसा झाला असेल हे त्याला त्या बादलीवर बसून इतकं स्पष्ट दिसलं की त्याने तोंड फिरवलं.

तोंड फिरवलं ते खिडकीकडे.

ॲशट्रे जुनी असली तरी पिस्टन त्याच जातीचा आणि त्याच मापाचा होता. त्याने ती पेट्रोलने धुतली, टोकदार खिळ्याने कोपऱ्यातली राख काढली, गॅसच्या पिवळ्या ज्योतीच्या धुरावर धरून काळी केली, तेलाचा हात फिरवला. तिसरा पिस्टन ओळीतून उचलून त्याने डगल्याच्या खिशात घातला आणि त्या जागी ती ठेवली. आयुष्यात त्याने कधी खोटं काम केलं नव्हतं. हे मात्र त्याने जीव ओतून केलं.

बेथ जेवायच्या आधीच आली. दारातूनच तिला वर्तमानपत्र दिसलं.

"तुम्ही उघडलंत? माझ्याशिवाय?"

"राहवलं नाही," नेव्ह म्हणाला. वाक्य त्याने पाठ केलं होतं. "तिसरा बघ. सुई कमी घासली गेली, बेथ. इंजिन आवळलं, चाकं आवळली, त्याच्या हातात काही राहिलंच नाही. माझ्यामुळे गेला तो. त्याला घरीच यायचं होतं."

ती खाली बसली. तिचे खांदे सैल पडले, डोळे भरून आले, आणि नेव्हला वाटलं, झालं, उतरलं पोरीचं ओझं. तिने तो पिस्टन उचलला. दोन्ही हातांत धरून थोडा वेळ फिरवत राहिली. मग नकळत, दुसरीकडेच बघत, तिने तो उलटा केला आणि करंगळी भोकात घातली.

करंगळी मधल्या पेरावर अडकली.

तिने त्या करंगळीकडे बघितलं. लहानपणी शनिवारी बाप आणि काका इंजिनाशी झटत असायचे तेव्हा ती या खिडकीशी उभी राहून हेच करायची. करंगळी आरपार घालायची, पलीकडून हलवायची, आणि ग्लेन म्हणायचा, अळी निघाली बघ रे. तेव्हा करंगळी पूर्ण जायची. बेथने हळूच मान वर करून खिडकीकडे पाहिलं. तिथे रंगाच्या डब्याचं झाकण होतं, त्यात राख होती आणि तिच्या मधोमध ॲशट्रेएवढा एक स्वच्छ गोल होता.

नेव्हने मान खाली घातली. खिशातला पिस्टन डगला एका बाजूला ओढत होता, आणि ते तिला दिसत असणार हेही त्याला कळलं. घरातून मांसाचा वास येत होता.

बेथने करंगळी सोडवून घेतली, पिस्टन होता तिथे, ओळीत तिसरा, नीट सरळ ठेवला आणि बाहीने नाक पुसलं.

"म्हणजे तुमच्यामुळे झालं," ती म्हणाली.

"माझ्यामुळे."

"असंच सांगायचं ना? काकूला, क्लबात, सगळ्यांना?"

"असंच सांगायचं."

तिने मान हलवली. उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि जरा जास्तच जोरात दाबला. "मग या खेपेला सुई जरा जास्त घासा, म्हाताऱ्या," ती म्हणाली, आणि हसायचा प्रयत्न करत घरात गेली.

नेव्ह थोडा वेळ तिथेच बसला. शेजारणीने व्हॅक्यूम लावला. तो कान देऊन ऐकत राहिला, पण तो नुसता व्हॅक्यूमच होता, त्याने काही विचारलं नाही. मग स्वयंपाकघराच्या दारातून पॉलीनने जेवायला हाक मारली, आणि त्याच्या तोंडून, स्वतःच्या नव्हे, ग्लेनच्या आवाजात, निघून गेलं, "आज नको."