मचाणावरून दिसणारा बल्ब

"हा तं दिवसाचा फोटो हाय बे!" सदाशिवकाकांनी प्रिंट माझ्या अंगावर टाकली.

मी चाटच पडलो. धाड गावाजवळच्या त्यांच्या शेतात, चांदण्यात, डास मारत काढलेला फोटो होता तो! ट्रायपॉड घट्ट रोवला होता. फोकस लागेना म्हणून मचाणावर टॉर्च ठेवून तो पक्का केला. मग लाँग एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्याचा पडदा बराच वेळ उघडा ठेवायचा, मिळेल तेवढा उजेड आत घ्यायचा. ज्वारीचं पान न् पान दिसत होतं.

"काका, रातचाच हाय. ह्या पाहा चांदण्या."

"मंग आमचा बल्ब कुठी हाय?"

कंबरेचं हाड मोडल्यापासून काका बुलढाण्याला मुलीकडे अंथरुणावर होते. फोटोची ऑर्डर त्या मुलीचीच, वंदनाताईची. ती मला बाहेर घेऊन आली.

"भाऊ, बाबा जागलीले जात, पीक राखाले. माय ओट्यावरचा बल्ब रातभर चालू ठेवे. बाबाले तो मचाणावरून दिसे. आता माय नाही, घराले कुलूप. डाक्टर म्हणते, बाबाचं शेतात जाणं आता होत नाही."

"मंग हे आधी सांगाचं ना ताई!"

"तुम्ही कुठी इचारलं?"

घ्या! चावी घेतली, पुन्हा धाड. ओट्यावरचा बल्ब लावला आणि कॅमेरा घेऊन मचाणावर चढलो. मचाण माझ्या श्वासानंही हलायचं, म्हणून टायमर लावून खाली उतरायचो. पहिल्या फोटोत बल्बचा नुसता भोपळा झाला, उजेड फुगलेला. एक्स्पोजर कमी करत गेलो. ज्वारी गेली, बांध गेला, घरही गेलं. एवढी मेहनत काळी होताना जीव तुटत होता. शेवटी उरला एक पिवळा ठिपका, टाचणीच्या टोकाएवढा, एकदम शार्प.

परत जाताना त्या रिकाम्या ओट्यावर उभा राहिलो. बल्ब बंद करायला हात धजेना. माझीच माय आठवली. तसाच चालू ठेवून निघालो.

काकांनी प्रिंट डोळ्यांजवळ धरली. मग ठिपक्यावर बोट ठेवलं.

"वंदना, तुही माय जागी हाय."

ताई तोंडाला पदर लावून आत गेली.

हल्ली रात्रीच्या फोटोची ऑर्डर आली, की मी आधी विचारतो, काय दिसायला पाहिजे? बाकीचा अंधार मी अंधारच राहू देतो.