गार पाण्याचा पट्टा

ती संशोधन जहाजावर समुद्राचं तापमान आणि खारटपणा मोजायची, म्हणून सगळे तिला खारूताई म्हणत. सुरुवातीला उलट्यांनी जीव नकोसा व्हायचा, तरी ती टिकली. खोलातलं गार पाणी वर येतं तिथं मासळी जमते, आणि तिच्या थोरल्या भावाची मासेमारीची छोटी होडी होती.

"दादा, गार पाण्याचा पट्टा सापडला की तुझी वणवण संपली," ती म्हणायची.

अखेर तसा पट्टा सापडला. तिचे आकडे कार्यालयात गेले, तिथं त्यांवरून सगळ्या मच्छीमारांसाठी नकाशा निघणार होता. नकाशा जाहीर व्हायच्या आधीच एका ट्रॉलर कंपनीनं तो ओळखीनं मिळवला. दादा पोचला तेव्हा तिथला समुद्र खरवडून नेलेला होता.

"तुझ्या जहाजानंच माझ्या पोटावर पाय दिला," तो म्हणाला.

तिनं कार्यालयातल्या साहेबांना जाब विचारला. "आपलं काम मोजायचं," एवढंच ते बोलले.

दादानं होडी विकली आणि त्याच कंपनीच्या ट्रॉलरवर नोकरी धरली. बऱ्याच महिन्यांनी त्याचा फोन आला. राग निवळला असेल, या आशेनं तिनं तो घाईघाईनं उचलला.

"पुढचा पट्टा सापडला की आधी मला कळव," तो म्हणाला. "मालक विचारतोय."

खारूताई म्हणाली, "कळवते."